रक्ताला विचारणाऱ्या डॉक्टरताई

फ्रिजच्या खालच्या फळीवर, दुधाच्या पातेल्याला खेटून एक काचेची बाटली उभी होती. तळाशी गडद लाल आणि वर पिवळं, मधली रेघ सुरीनं कापल्यासारखी सरळ. ह्यांना ताप चढला होता म्हणून मी बर्फ मागायला गेले होते. "घे गं तुझ्या हातानं, माझे हात खराब आहेत," असं ताई मोरीतून ओरडल्या, म्हणून मी दार उघडलं. वरचं पिवळं मला तूप वाटलं. लोणच्यावर तूप ओतून ठेवायची ही ग्वाल्हेरकडची काही रीत असावी, असं मनाशी ठरवून मी कौतुकानं विचारलं, "ताई, हे काय हो नवीन?"

"घोड्याचं रक्त," पदराला हात पुसत ताई बाहेर आल्या. "हलवू नकोस हं. मोठ्या मुश्किलीनं बसलंय."

मी बर्फ न घेताच घरी पळाले. थोड्या वेळानं मागच्या भिंतीवरून बर्फाची वाटी पुढे आली आणि तिच्यामागून ताईंचा आवाज. "मालन, ही वाटी धुतलेली आहे. दोनदा. घे."

कारखान्याच्या वसाहतीत आमची कामगारांची लाइन आणि इंजिनिअर लोकांचे बंगले यांच्यामध्ये फक्त ती भिंत होती. ताईंचे यजमान इंगळेसाहेब कारखान्यात मोठ्या जागेवर. ताई स्वतः जनावरांच्या डॉक्टर, शहरातल्या सरकारी दवाखान्यात. गाई-म्हशी, कुत्री सगळं बघायच्या, पण जीव घोड्यांत. त्यांचे वडील ग्वाल्हेरला कुणा सरदाराच्या पागेवर होते, त्यामुळे चालायच्या आधी आपण घोड्यावर बसलो, असं त्या सांगत. वसाहतीतले हिंदी लोक त्यांना 'घोडेवाली मैडम' म्हणत. महाराष्ट्र मंडळातल्या बायका पाठीमागे काय म्हणत ते लिहीत नाही. मी ताई म्हणायचे.

मी कऱ्हाडकडची. सातवीत शाळा सुटली, लग्न झालं आणि नवऱ्याबरोबर थेट भोपाळला. हे वेल्डर. यांची सेकंड शिफ्ट असली की दुपारपासून घर मला खायला उठायचं. दूधवाला काय बोलतो ते कळायचं नाही, भोंगा वाजला की काहीतरी घडलं असं वाटायचं. मुळात माझा स्वभावच घाबरा, त्यात मला दिवस राहिलेले. ताईंना हे कुणी सांगितलं नव्हतं. एकदा भिंतीपलीकडून माझ्याकडे बघत त्या म्हणाल्या, "तू रडायला बसतेस ना दुपारी? मग माझ्याकडे येऊन बसत जा. रडायचं असलं तर तिथे रड, मला काही त्रास नाही. चहा मात्र तू बनवायचा."

अशी माझी ये-जा सुरू झाली.

त्या बाटलीचं मग मला कळलं. एका टांगेवाल्यानं कोठीत उंदरांसाठी औषध घातलेल्या कणकेच्या गोळ्या ठेवल्या होत्या आणि घोड्यानं दावं सोडवून त्या चंदीबरोबर खाल्ल्या. त्या औषधानं उंदीर आतल्या आत रक्त जाऊन मरतो, कारण रक्त गोठायचंच बंद होतं. घोड्याच्या हिरड्यांतून रक्त झिरपू लागलं. ताईंनी इंजेक्शनं दिली, शिवाय दुसऱ्या तगड्या घोड्याचं रक्त, साकळू नये म्हणून औषध घातलेल्या बाटलीत काढून थंड जागी उभं ठेवलं. घोड्याचं रक्त नुसतं उभं ठेवलं की लाल भाग भराभर खाली बसतो, वर पिवळं पाणी राहतं, आणि रक्त गोठवणारा ऐवज त्या पाण्यात असतो. तो काढून आजारी घोड्याला चढवायचा. दवाखान्यातला फ्रिज बिघडलेला होता, म्हणून बाटली घरी. तो घोडा वाचला. मात्र इंगळेसाहेबांनी फ्रिज उघडायचं कायमचं सोडलं. पाणीसुद्धा माठातलंच प्यायचे. "मी ह्या घरात भाड्यानं राहतो," असं ते पाहुण्यांना सांगत, आणि ताई आतून म्हणत, "भाडं तरी कुठे देता?"

ताईंचं बोलणं आमच्याकडच्यासारखं नव्हतं. "मी तुला सांगून राहिले ना," "बिलकुल घाबरायचं नाही," असं अर्धं मराठी, अर्धं तिकडचं. माणसांशी अशी भेसळ आणि घोड्यांशी मात्र शुद्ध मराठी. मी एकदा विचारलं, "भोपाळच्या घोड्यांना मराठी कळतं का हो?" तर म्हणाल्या, "त्यांना शिव्या हिंदीत पडतात. मराठी ऐकलं की समजतात, ही बाई मारणारी नाही."

त्यांचा एक ठरलेला शब्द होता, 'विचारूया'. कुणी टांगेवाला सांगत आला की, मैडम, घोड्याला नजर लागली, गरमी चढली, शेजाऱ्यानं काही घातलं, की ताई मान हलवून ऐकायच्या आणि म्हणायच्या, "हो सकता है. पण आधी रक्ताला विचारूया." मग मानेच्या शिरेतून थोडं रक्त काचेच्या नळीत घेऊन नळी मुठीत धरायच्या. रक्त अंगातल्याइतकं ऊबदार राहायला पाहिजे, म्हणून मूठ. अधूनमधून मूठ उघडून नळी हळूच तिरपी करायची, ओघळ धावतो का बघायचं, पुन्हा मूठ बंद. माणसाचं रक्त लवकर साकळतं, घोड्याचं सावकाश. तोवर ताई कुणाला घाई करू द्यायच्या नाहीत. कुणी विचारलंच, क्या हुआ मैडम, तर म्हणायच्या, "ते विचार करतंय." त्या वेळात त्या भाजीचे भाव विचारत, पोरांच्या शाळेचं विचारत. शेवटी नळी उपडी करायच्या. रक्ताचा गोळा काचेला चिकटून राहिला, थेंब पडला नाही, की चेहरा असा खुलायचा, जणू स्वतःचीच परीक्षा पास झाली.

एकदा भोपाळातल्याच शिवाजीनगरला त्यांच्याबरोबर बाजाराला गेले होते. रस्त्याच्या कडेला गर्दी. एक तरणा टांगेवाला पोरगा घोड्याच्या गळ्यात पडून रडत होता आणि घोड्याच्या दोन्ही नाकपुड्यांतून रक्त. सकाळी तळ्याच्या रस्त्यावर टांग्यांची शर्यत लावली होती बहाद्दरांनी. लोकांनी घोड्याच्या डोक्यावर पाणी ओतलं होतं आणि एका शहाण्यानं आपला गमछा फाडून नाकात बोळे कोंबले होते. घोडा डोळे पांढरे करत होता. ताईंनी भाजीची पिशवी माझ्या हातात दिली आणि सरळ घुसून दोन्ही बोळे उपसून काढले.

"अरे मैडम, खून बह जाएगा!"

"आणि दम कुठून घेईल तो? तुझ्या नाकातून? घोडा तोंड से साँस नहीं लेता, भैया."

गमछेवाला मागे सरला. ताईंनी पोराला बाजूला बसवलं. रक्त नाकातून आलं म्हणून ते नाकातलं नसतं, फुफ्फुसातलं असतं, जिवापलीकडे पळवलं की तिथल्या बारीक शिरा फुटतात, असं त्याला समजावलं. घोड्याला सावलीत उभा करून त्या तिथेच फुटपाथवर बसून राहिल्या, रक्त थांबेपर्यंत. जाताना पोराला म्हणाल्या, "पुन्हा शर्यत लावलीस तर तुलाच जुंपीन. चाबूक मी धरीन." पोरगं रडता रडता हसलं. परतताना आम्ही भाजी न घेताच आलो, हे मला घरी आल्यावर कळलं.

आता लाडोचं.

शहरातल्या कोटरा सुल्तानाबाद वस्तीत हबीबभाई म्हणून एक टांगेवाले होते. टांग्याला सुल्तान नावाचा घोडा, आणि लग्नाच्या वरातींसाठी लाडो, दुधासारखी पांढरी घोडी. घर त्या दोघांवर चालायचं. लाडोचं पहिलं शिंगरू दुसऱ्या घोड्याची लाथ बसून सुजलं आणि गेलं. लाथ काही मोठी नव्हती, हबीबभाई सांगत. दुसरं शिंगरू झालं, तेही नर, आणि काही न लागता त्याचे गुडघे फुगू लागले. हबीबभाई ताईंना न्यायला आले तेव्हा मी तिथेच बसलेली. "चल," ताई म्हणाल्या, "तुलाही हवा लागेल. टांगा सावकाश घ्या हबीबभाई, ही दोन जिवांची आहे."

तबेल्यात गेल्यावर ताईंनी उंदराच्या औषधाचं विचारलं. घरात नव्हतं. मग त्यांनी लाडोचं रक्त एका नळीत घेतलं, शिंगराचं दुसऱ्या नळीत, आणि दोन मुठींत दोन नळ्या धरून खाटेवर बसल्या. हबीबभाईंची बेगम, सकीनाआपा, दाराआड उभी. बराच वेळ ताई तिला मेथी कशी निवडतात ते विचारत होत्या. मग त्यांनी उजवी मूठ उघडली आणि नळी उपडी केली. लाडोचं रक्त घट्ट बसलेलं होतं. डावी नळी तिरपी केली, तर रक्त पाण्यासारखं पळालं. ताईंनी पुन्हा मूठ मिटली. पुन्हा पाहिलं. मेथीचं बोलणं थांबलं होतं.

"बहुतेक जन्मापासूनचं आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "छाती ठोकून सांगायची सोय इथे नाही. रक्त गोठवणारी एक वस्तू ह्याच्या रक्तात बनतच नाही. हे आईकडून येतं. आई स्वतः धडधाकट असते, पण तिच्या नर पिल्लांतल्या काहींना ते होतं. लाडोला आता पुन्हा गाभण करू नका. आणि ह्याला कुणी सुईसुद्धा लावायची नाही, मला विचारल्याशिवाय."

आईकडून येतं, हे ऐकलं आणि माझे दोन्ही हात पोटावर गेले.

परत येताना टांग्यात मी ताईंना ते सांगितलं, जे लग्न करताना कुणाला सांगायचं नाही म्हणून मला बजावलं होतं. माझा भाऊ दत्तू. दुधाचा दात पडला आणि रक्त थांबलंच नाही. त्याच्याआधी आमचा मामा, असाच. आजी म्हणाली, हिचं रक्तच वाईट, हिनं माझा नातू खाल्ला. आईला माहेरी धाडलं. चूल माझ्याकडे आली आणि शाळा सुटली.

वाटेतलं तुलसीनगर मागे पडलं तेव्हा ताई म्हणाल्या, "मी घोड्यांची डॉक्टर. तुझ्या पोटातल्याचं मी काही बोलले तर तो गुन्हा होईल. उद्या आपल्या कारखान्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना हे सगळं सांगायचं. मी बरोबर येते."

"आणि ह्यांना?"

"ते तू ठरव. पण मालन, लाडोनं मुद्दाम काही केलेलं नाही. तुझ्या आईनंही नाही. एवढं मी घोड्यांची डॉक्टर असून सांगू शकते."

मला कुणी असं सांगितलेलं नव्हतं. आईला तर नव्हतंच नव्हतं.

ह्यांना मी त्याच आठवड्यात सांगितलं. ह्यांनी हातातला डबा खाली ठेवला. मग म्हणाले, "तुझ्या आईला इकडे बोलावून घेऊ. बाळंतपणाला कुणीतरी पाहिजेच." आई आली. ताई दवाखान्यात माझ्याबरोबर आल्या, डॉक्टरीणबाईंनी सगळं लिहून घेतलं, रक्ताची तयारी ठेवली. मला मुलगी झाली. आई ताईंच्या पाया पडायला गेली तर ताईंनी तिचे हात वरच्यावर धरले आणि म्हणाल्या, "अहो, मी फक्त बाकावर बसले होते." मला मात्र बाजूला घेऊन सांगितलं, "मुलीला मोठी झाली की सांग. तिच्यातही ते असू शकतं. लपवू नकोस. लपवलं की त्याचा शाप होतो."

इकडे शिंगराला ताईंनी सुल्तानच्या रक्ताचं पिवळं पाणी चढवलं होतं. गुडघे उतरले, पोरगं तबेल्यात उड्या मारू लागलं. ताई सांगायच्या, हे उसनं आहे, पुरणार नाही. तरी येता-जाता कोटऱ्याला वळायच्याच.

मग उन्हाळा आला. नवे दात येताना तरण्या घोड्याची टाळू सुजते आणि तो खाणं सोडतो. तिकडे रीत अशी, की नाल ठोकणाऱ्या नालबंदाला बोलवायचं, तो टाळूला धारदार टोक लावून थोडं रक्त काढतो, 'गरमी उतर गई' म्हणतात, आणि घोडा खायला लागतो. दर उन्हाळ्यात सगळेच करत. हबीबभाई वरातीला बाहेरगावी गेलेले. शिंगरानं तोबऱ्याला तोंड लावलं नाही, तेव्हा त्यांच्या भावानं काळजीपोटी नालबंदाला बोलावलं. सुई लावू नका म्हटलं होतं, पण ही काही सुई नव्हती ना, ही तर नेहमीची रीत. ताई पोचल्या तेव्हा शिंगराचं डोकं सकीनाआपाच्या मांडीवर होतं आणि तिची सगळी ओढणी रक्तानं भिजलेली.

ताई त्या भावाला रागावल्या नाहीत. मला वाटलं होतं रागावतील. तो भिंतीशी डोकं टेकून उभा होता, त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "तूने भूखा देखा, इसलिए किया." घरी आल्यावर मात्र मोरीत कितीतरी वेळ हात धूत राहिल्या.

शिंगरू गेल्यावर कोटऱ्यात बोललं जाऊ लागलं की लाडो मनहूस आहे, अपशकुनी आहे, आपली पोरं खाते. वरातीची घोडी, तिच्यावर असं नाव आलं की संपलं. ठरलेल्या वराती लोकांनी मोडल्या. हबीबभाई ताईंकडे आले, खुर्ची दिली तरी पायरीवरच बसले. वीटभट्टीवाला लाडोला विकत मागतोय म्हणाले.

"भट्टीत ती वर्ष काढणार नाही, हबीबभाई."

"जानता हूँ, मैडम. मगर खड़े-खड़े खिलाऊँ कहाँ से? उस पर अब दूल्हा कौन बैठाएगा?"

ताई त्यांच्याशेजारी पायरीवर बसल्या. "मीनलच्या लग्नाला लाडो येईल," म्हणाल्या. "तोवर विकायची नाही. जबान दो."

मीनल त्यांची एकुलती एक. लग्न त्या थंडीत ठरलेलं, मुलगा उज्जैनचा, घोड्याची व्यवस्था मुलीकडची. इंगळेसाहेब आतून ऐकत होते. ते बाहेर आले, चष्मा काढला, पुन्हा घातला. "लाडो तर लाडो," एवढंच म्हणाले.

लग्नाच्या दिवशी लाडोला काय सजवलं होतं! सकीनाआपानं आयाळीत मोगऱ्याच्या वेण्या घातल्या होत्या. पण वसाहतीत बातम्या भिंतीवरून जातात. वरात निघायच्या वेळी नवऱ्या मुलाच्या आत्याबाई पुढे झाल्या.

"विहीणबाई, आमच्या कानावर आलंय. ज्या घोडीची दोन्ही पिल्लं गेली, तिच्यावर आमच्या मुलाला बसवणार तुम्ही? अशा दिवशी?"

बँडवाले थांबले. हबीबभाई लगाम धरून उभे होते, मान खाली. आत्याबाईंचं भरभर मराठी त्यांना कितपत कळत होतं कोण जाणे, पण घोडीकडे दाखवलेलं बोट कळत होतं.

ताई शालू सावरत पुढे आल्या. आवाज चढवला नाही.

"माझीही दोन गेली होती, आत्याबाई. मीनलच्या आधी. एक पोटात, एक पाळण्यात. तरी माझी मुलगी तुम्ही करून घेताय ना?"

इतक्या वर्षांत वसाहतीत हे कुणाला ठाऊक नव्हतं. इंगळेसाहेब विजेच्या खांबाला हात लावून उभे होते. मी मुलीला कडेवर घेतलेली, माझ्या शेजारी माझी आई. आईनं माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले.

आत्याबाईंचा चेहरा उतरला. त्या वाईट बाई नव्हत्या. "अहो, मला माहीत नव्हतं," असं काहीतरी पुटपुटल्या. तेवढ्यात नवरा मुलगाच मुंडावळ्या बाजूला सारून म्हणाला, "आत्या, मी बसतो. मला फक्त एवढंच सांगा, कुठल्या बाजूनं चढायचं?" सगळे हसले आणि बँड सुरू झाला.

लाडो मांडवापर्यंत इतकी संथ चालली की डोक्यावर पाण्याची घागर असती तरी हिंदकळली नसती. घोडीला मनहूस म्हणणारे मुलीच्या संसाराकडे बघत राहिले. मीनलचं सुरळीत चाललं. पुढच्या मुहूर्तांना वसाहतीतल्याच दोन घरांनी हबीबभाईंना बोलावलं, मग शहरातूनही बोलावणी येऊ लागली. भट्टीवाल्याचं नाव पुन्हा निघालं नाही.

इंगळेसाहेब निवृत्त झाले तेव्हा ताईंनीही नोकरी सोडली आणि दोघं ग्वाल्हेरला जायला निघाले. स्टेशनवर न्यायला कारखान्याची गाडी येणार होती. ताईंनी ती परत पाठवली, कारण हबीबभाई आधीच टांगा घेऊन दारात उभे होते. सुल्तान तोवर गेला होता. टांग्याला लाडो होती. वय झालेलं, पाठ जरा खाली गेलेली, पण अंग तसंच पांढरं.

माझ्याशी ताई फार बोलल्या नाहीत. मुलीचा गाल चिमटीत धरला, आईला नमस्कार केला, मला म्हणाल्या, "दुपारी रडायला आता जागा शोध दुसरी." मी हसायला गेले आणि जमलं नाही.

वसाहतीच्या फाटकानंतर मोठ्या रस्त्याला लागायच्या आधी एक चढ आहे. मी भिंतीजवळच्या दगडावर चढून बघत होते. चढ सुरू झाला तसा टांगा थांबला आणि ताई खाली उतरल्या. साहेबही उतरू लागले, तर त्यांना हातानंच खूण केली, तुम्ही बसा, गुडघे दुखतील. मग टांगा पुन्हा निघाला. वर ट्रंका, ट्रंकांच्या मध्ये ताठ बसलेले साहेब, पुढे हबीबभाई, आणि लाडोच्या खांद्याशी चालणाऱ्या ताई, एक हात जुंपणीच्या दांड्यावर, थोडा भार आपल्याकडे घेतल्यासारखा. त्या काहीतरी बोलत होत्या. इतक्या लांबून ऐकू येणं शक्य नव्हतं. पण लाडोचा त्यांच्याकडचा कान वळलेला होता आणि चढ संपेपर्यंत तो तसाच त्यांच्याकडे राहिला.